पोपटाची मोजणी

“पोपट खोटं बोलेल का गं? त्या म्हातारीला तू आज एकदाही विचारलं नाहीस!” रुग्णशाळेचा कारभारी म्हातारीच्या खाटेशी उभा राहून ओरडत होता.

“नाही विचारलं. मग?” सेविका म्हणाली.

मुलांनो, आणि मुलांच्या आयांनो, हे भांडण फार जुन्या काळचं, एका राजाच्या रुग्णशाळेतलं. ते का लागलं ते आधी ऐका, म्हणजे शहाणी माणसं कशी गोंधळतात ते कळेल.

राजाने हुकूम काढला होता: कुठल्या सेविकेचं रोग्याकडे किती लक्ष असतं ते मोजून सांगा. कारभाऱ्याने आधी कोण खाटेशी किती वेळ बसते ते मोजलं. तर सेविका खाटेशी बसून पेंगू लागल्या. मग त्याने आढ्यावर एक बोलका पोपट बसवला. सेविकेने “कसं वाटतंय?” विचारलं, की पोपटाने तिच्या वाटीत एक खडा टाकायचा.

झालं! सेविका “कसं वाटतंय, कसं वाटतंय” करत धावत सुटल्या. रोगी “छातीत कळ...” म्हणेपर्यंत बाई चौथ्या खाटेशी. वाट्या भरल्या, रोगी मात्र बरे होईनात. कारभाऱ्याला काही कळेना. राजालाही कळेना.

आणि या एकीची वाटी रिकामी.

“उद्यापासून तुझी चाकरी बंद!” कारभारी म्हणाला. “दिवसभर मूग गिळून बसतेस!”

“म्हातारीला बोलताना धाप लागते. मी विचारलं, की बिचारीला उत्तर द्यावं लागतं.”

कारभारी अडखळला. “मग... मग रोगी किती हाका मारतात ते मोजू?”

“मोजा की. उद्या रोग्यांच्या तोंडात बोळे कोंबलेले बघाल.”

“हे कोणाच्या वाटीत टाकू?” पोपटाने वरून विचारलं.

“गप रे!” दोघंही ओरडली.

एव्हाना बाकीच्या सेविका गंमत बघायला म्हातारीच्या खाटेभोवती जमल्या होत्या. कारभारी पुन्हा तोंड उघडणार, तोच सेविकेने त्याला ढकललं आणि म्हातारीला उचलून बसवलं. म्हातारी काळीनिळी पडली होती. सेविकेने पाठीवर थापट्या मारल्या. कफाचा गोळा बाहेर पडला. म्हातारीने खोल श्वास घेतला आणि सेविकेचा पदर घट्ट धरला.

सात माणसं खाटेला खेटून उभी होती. एकालाही दिसलं नव्हतं.

“तुला कसं कळलं?” कारभाऱ्याने हळूच विचारलं. “आवाज तर झाला नाही.”

“तिची घरघर थांबली ना!”

कारभाऱ्याने वर पाहिलं. “पोपटा, याचे किती खडे?”

“पण कोणी काही विचारलंच नाही,” पोपट म्हणाला. तोही गोंधळला होता.

कारभारी मटकन खाली बसला. “टिकली बाई तुझी चाकरी. पण आता राजाला काय सांगू? मोजू तरी काय?”

सेविकेने मान वर केली नाही. ती म्हणाली, “दाखवण्यासाठी दिलेलं लक्ष रोग्यापर्यंत पोचत नाही, कारभारी. आता सरका, तिचा वारा अडतोय.”