न चाखलेली मदिरा

एका राज्यात, इटलीच्या उत्तरेकडच्या डोंगरउतारावर, मदिरा करणारे एक जुने घराणे राहत असे. त्यांची लाल मदिरा अशी नावाजलेली, की तिच्यावाचून राजाची पंगत बसत नसे. द्राक्षे तोडली की लगेच तुडवायची नाहीत. माळ्यावर बांबूच्या ताट्यांवर शंभर दिवस सुकवायची, चांगली सुरकुतली की मगच रस काढायचा, ही त्यांची रीत. आणि त्या घरात एक नियम होता. मदिरा करणाऱ्याने मदिरा चाखायची नाही. का, ते विचारायचे नाही.

घरची एकुलती लेक नेरिना राजधानीच्या विद्यापीठात तीन वर्षे शिकून आली होती. न विचारण्याची सवय तिला राहिली नव्हती.

"का नाही चाखायची?"

"चाखली तर हात लोभी होतो," आजोबांचे धाकटे भाऊ, उबाल्दो आजोबा, म्हणाले.

"आजवर कुणाचा झाला?"

"कुणाचाच नाही. नियम आहे म्हणून तर!"

आता त्या घराण्याला एक शाप होता. दर वसंतात राजा तळघराच्या दाराशी येई, नव्या पिंपातला पहिला प्याला हाती घेई आणि विचारी, "कशी झाली आहे?" घरच्या कर्त्याने म्हणायचे, "उत्तम, महाराज." एवढे म्हटले की कर्त्याच्या अंगावर बोटभर साल चढे. वर्षे सरत, साल चढत जाई, आणि एके दिवशी कर्त्याची वेल होई. पणजोबांची झाली, आजोबांची झाली. आता नेरिनाचे वडील लोदोविको तळघराच्या दाराशी उभे होते, पाय मातीत रुतलेले, साल गळ्यापर्यंत आलेली. आणखी एक बोट, की श्वास संपला. राजा यायला आठ दिवस उरले होते.

"घाबरू नकोस गं," आत्या म्हणाली. "पणजोबांच्या वेलीला दरसाल तीन टोपल्या द्राक्षे येतात."

"आणि पणजोबा?"

"तीन टोपल्या देतात, म्हणजे सुखातच असतील."

लोदोविको हळूच म्हणाले, "नेरिना, पाठ खाजते. सालीवर नख लागत नाही." नेरिनाने छाटणीच्या कोयत्याच्या उलट्या बाजूने त्यांची पाठ खाजवली, कोयता कमरेला खोवला आणि डोंगराची वाट धरली. शाप देणारी जादूगारीण डोंगरमाथ्यावर राहते हे सगळ्यांना ठाऊक होते. तिला जाऊन काही विचारावे, हे मात्र कुणाला सुचले नव्हते.

जादूगारीण कोबी चिरत बसली होती.

"शाप सुटतो का?"

"सुटतो. तीन गोष्टी आण. वेलीचे अश्रू, शंभराव्या दिवसाचे द्राक्ष आणि तुझ्या घरच्या मदिरेची चव. प्याला आणू नकोस. चव शब्दांत आण."

नेरिना मळ्यात आली. वसंतात छाटलेल्या वेली टपटप पाणी गाळतात. सगळ्या गाळत होत्या, पणजोबांची वेल तेवढी कोरडी. दिवसभर तिच्याखाली वाडगा धरून नेरिनाचे हात भरून आले. शेवटी ती वैतागून म्हणाली, "पणजोबा, झालं तरी काय होतं?"

वेल म्हणाली, "राजाने विचारले, मी उत्तम म्हणालो."

"मग त्यात रडण्यासारखं काय?"

"कशी झाली होती ते मला ठाऊकच नव्हते ना, पोरी." आणि वाडगा काठोकाठ भरला.

मग शंभराव्या दिवसाचे द्राक्ष. पण माळ्यावरच्या ताट्या हिवाळ्यातच रित्या झाल्या होत्या. तुळईवर एक ठिपकेदार मैना बसली होती.

"माझ्या घरट्यात एक आहे," मैना म्हणाली. "नव्याण्णवाव्या दिवसाचे तुरट, एकशे एकाव्याचे धुरकट. मी सगळे खाऊन पाहिले आहे."

"तू चोर आहेस."

"म्हणून तर मला कळते. तुझ्या घरात कुणाला कळते?"

नेरिनाने हात पुढे केला. "काय घेशील?"

"मळ्यातले बुजगावणे काढ. त्याची टोपी मला बघवत नाही."

बुजगावणे निघाले, द्राक्ष मिळाले.

उरली चव. तळघराच्या दाराशी उबाल्दो आजोबा किल्ली मुठीत धरून खुर्चीवर बसले होते. त्यांनी खुर्ची हलवली नाही.

"आजोबा, दार उघडा. बाबा मरतील."

"मरणार नाहीत. वेल होतील. फरक आहे."

"तुम्ही का नाही झालात वेल?"

"मी धाकटा. मला कुणी काही विचारले नाही."

तीन दिवस ती दाराशी बसली, तीन दिवस आजोबा बसले. आजोबा खुर्चीतच जेवले, खुर्चीतच झोपले. आठव्या दिवशी पहाटे नेरिना दोनच गोष्टी घेऊन डोंगर चढली.

"हे अश्रू. हे द्राक्ष."

"आणि तुझ्या घरची मदिरा कशी लागते?"

नेरिनाला पाठ होते ते शब्द ओठांवर आले. सुगंधी, मखमली, उत्तम. लहानपणापासून ऐकलेले. ते तिने गिळले.

"मला माहीत नाही."

जादूगारणीने सुरी खाली ठेवली. "ऐंशी वर्षांपूर्वी मी तहानेली तुमच्या दाराशी आले. कशी आहे म्हणून विचारले. तुझा पणजोबा म्हणाला, उत्तम. ती आंबलेली होती. आंबल्याचा मला राग आला नाही, मुली. पीक आहे, आंबते. स्वतः न चाखता त्याने मला पाजली, आणि वर शपथेवर सांगितले. आज तुझ्या घरातून पहिले खरे उत्तर आले. पण ते मला दिलेस. जे राजाला खोटे सांगितले, ते राजालाच खरे सांग."

नेरिना डोंगर उतरून धावत आली तेव्हा राजा दाराशी पोचला होता. पिंप उघडले होते, प्याला राजाच्या हाती होता.

"कशी झाली आहे?" राजाने विचारले.

लोदोविकोंनी श्वास घेतला. "उ..." साल हनुवटीला टेकली.

"थांबा बाबा!" नेरिनाने राजाच्या हातातला प्याला घेतला. आत्या किंचाळली. नेरिना प्यायली. मग पुन्हा एक घोट प्यायली, कारण पहिल्याने तिला नवलच वाटले होते. ही गोष्ट आपल्याच घरात, आपल्याच दाराआड इतकी वर्षे होती?

"आधी सुकलेल्या चेरीसारखी लागते, महाराज. मग कडू बदाम. मग जिभेच्या कडा धरून ठेवते. शेवटी मात्र घाई झाल्यासारखी तुटते. अजून दोन वर्षे पिंपात हवी होती. उत्तम नाही. होऊ शकते."

राजाने प्याला परत घेतला, एक घोट घेतला, डोळे मिटले. "खरे आहे," तो म्हणाला. "मला वाटे, दोष माझ्याच जिभेचा. दोन वर्षांनी येईन."

लोदोविकोंच्या अंगावरची साल तडकली आणि ढलप्याढलप्यांनी खाली पडली. त्यांनी एक पाय मातीतून उपटला, मग दुसरा, आणि मटकन पायरीवर बसले. मळ्यात दोन जुन्या वेलींनी सुस्कारा टाकला. त्यानंतर त्या कधी बोलल्या नाहीत. नुसत्या वेली झाल्या, आणि मोकळ्या झाल्या.

राजाची स्वारी वळणापलीकडे गेल्यावर घरची वडील माणसे जमली. उबाल्दो आजोबा खुर्चीवरून उठले आणि त्यांनी किल्ली पुढे केली.

"झाले ते बरे झाले," ते म्हणाले. "आता कर्ती तू. किल्ली घे आणि नियमाची शपथ घे. एकदा मोडला, हरकत नाही. पण नियम राहू दे. आपण शतकभर चुकलो असे लोकांना कसे सांगायचे?"

"नाही घेणार."

"किल्ली?"

"शपथ. मी चाखणार, दर पिंप चाखणार, आणि वाईट असेल तर वाईट म्हणणार." तिने प्याला भरला आणि त्यांच्यासमोर धरला. "आणि आजोबा, आज आधी तुम्ही प्या. प्या आणि मला सांगा, कशी आहे?"

आजोबांनी आत्याकडे पाहिले. आत्याने प्याल्याकडे पाहिले. लाल मदिरा उन्हात स्थिर होती. नेरिनाने प्याला खाली घेतला नाही.