लेझिमांच्या पेटीचं कुलूप

शेवंताला त्या कुलपाचं भारी नवल वाटायचं. तालमीतल्या लेझिमांच्या पेटीला ते बसवलेलं, पण किल्ली घालायला भोकच नाही! अध्यक्ष नानासाहेब इंगवल्यांनी अंगठीतलं लोहचुंबक टेकवलं, की खट्‌कन उघडायचं.

यंदा जत्रेत खेळायला पोरींनी लेझिमं मागितली. नानासाहेब मिशीत हसले. "कुलूप न फोडता, माझ्या अंगठीला हात न लावता पेटी उघडा. लेझिमं तुमची!"

शेवंताने पेटीभोवती फिरून पाहिलं, झाकणाला कान लावला. "नाना, रिकाम्या पेटीसाठी कोण डोकं शिणवणार?"

"रिकामी?" भर तालमीत नानासाहेब लालबुंद झाले. तरातरा येऊन त्यांनी अंगठी टेकवली, झाकण उघडलं. "घे, मोज!"

शेवंताने लेझीम उचललं. "मोजायचं कशाला, नाना? आता वाजवूनच बघतो की आम्ही!"