कानडीतला कागद

"ती नवी सिस्टर मुकीच आहे, दाखवू तिथे सही करेल," डॉक्टर कारखानीस पडद्याआड मेट्रनबाईंना म्हणाले. पडद्याच्या अलीकडे महिन्यापूर्वी विजापूरहून लग्न होऊन आलेली गिरिजा सिस्टर ठकूबाईचं ब्लडप्रेशर मोजत होती.

ठकूबाईला वाटत होतं, पोटातली गाठ काढणार आहेत. अंगठा तिने दिला होता तो इंग्रजी फॉर्मवर, आणि त्यात गर्भाशय काढायचं लिहिलं होतं. 'पेशंटला तिच्या भाषेत समजावून सांगितलं' या ओळीखाली साक्षीदार म्हणून गिरिजाची सही तेवढी राहिली होती.

गिरिजाने शांतपणे एक कागद लिहिला आणि डॉक्टरांपुढे ठेवला. "आधी यावर तुमची सही हवी, सर."

डॉक्टरांनी पेन उघडलं आणि ते थबकले. "ही कानडी ना? काय लिहिलंय यात?"

"रोजचाच फॉर्म आहे."

"अहो सिस्टर, कळल्याशिवाय मी सही कशी करू?"

मेट्रनबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"तुमचं मूत्रपिंड काढायला तुमची संमती आहे, असं लिहिलंय, सर," गिरिजा म्हणाली. "ठकूबाईचं काय काढणार, ते तिला मराठीत सांगा. तिला कळू दे, ती हो म्हणू दे, मग माझी सही घ्या."