शेवंताबाईंचं दान

"...पण भंते, माझं चुकतंय तरी कुठे?"

मोतीराम रामटेके गुरुजींनी हे तिसऱ्यांदा विचारलं. चाळीस वर्षं शाळेत प्रश्न विचारण्यात गेलेला माणूस. उत्तर मिळाल्याशिवाय उठायची त्यांना सवयच नव्हती.

तलावाकाठच्या विहारात म्हातारे भंते सुमेध आपलं धुतलेलं चीवर दोरीवर वाळत घालत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"काय काय करता, सांगा," ते म्हणाले.

गुरुजींनी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी पत्नीला, शेवंताबाईंना, लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून त्यांचं सगळं गुरुजीच करतात. दर दोन तासांनी कूस बदलायची, अंग पुसायचं, कपडे, वेणी, घास भरवणं. भिंतीवर वेळापत्रक लावलंय. एकही गोळी कधी चुकली नाही. पाठीवर एक व्रण नाही. लेक येते अधूनमधून, पण तिलाही ते हात लावू देत नाहीत. तिला नीट जमत नाही.

"डॉक्टर म्हणाले, अशी सेवा आपण पाहिली नाही."

भंतेंनी चीवराची एक सुरकुती ओढून सरळ केली.

"आणि तरी..." गुरुजींचा आवाज खाली आला. "मंगळवारी मी घराचं दार ओढून घेतलं आणि या तलावावर आलो. पाण्यात उतरलो, भंते. कमरेपर्यंत. परत जायचं नव्हतं मला."

"मग?"

"अकराच्या गोळीची वेळ झाली."

चीवरातून पाणी ठिबकत होतं.

"उद्या तुमच्याकडे जेवायला येतो," भंते म्हणाले.

गुरुजी पहाटेच उठले. भात, लाखोळीचं वरण, वांग्याची भाजी केली. शेवंताबाईंची खाट पुढच्या खोलीत ओढली. त्यांना उशांना टेकवून बसवलं, पदर सारखा केला. डावा हात चादरीखाली नीट ठेवला. तो हात हलायचा, पण थरथरायचा फार. काही धरायला गेला की सांडासांड व्हायची. म्हणून गुरुजी तो नेहमी आत ठेवायचे.

भंते आले. खाटेला लागून चटईवर बसले. भिक्षेचं पात्र दोन्ही हातांत धरलं. गुरुजींनी भाताचा डाव भरून पुढे केला.

भंतेंनी पात्रावर तळवा झाकला.

"यांच्या हातचं घेईन."

"तिला जमत नाही, भंते. सांडेल."

"सांडू द्या."

"अहो, तिला घाससुद्धा मीच भरवतो. तिला काय कळ..."

गुरुजी थांबले. शेवंताबाई त्यांच्याकडेच बघत होत्या.

"किती वाजले?" भंतेंनी विचारलं.

"साडेअकरा."

भिक्खू बारानंतर जेवत नाहीत, हे गुरुजींना ठाऊक होतं. आज हे उपाशी जातील. माझ्या दारातून.

"वेळ आहे," भंते म्हणाले. त्यांनी पात्र खाटेच्या काठाशी नेलं आणि डोळे मिटले.

गुरुजींनी चादर बाजूला केली. तो हात बाहेर काढला, भाताचं पातेलं त्याच्याजवळ ठेवलं, बोटांत डाव दिला.

डाव पडला.

दुसऱ्यांदा भात चादरीवर गेला. तिसऱ्यांदा भंतेंच्या चीवरावर. दर वेळी गुरुजींचा हात आपोआप पुढे जायचा, आणि दर वेळी भंते मिटल्या डोळ्यांनीच म्हणायचे, "गुरुजी..."

शेवटी गुरुजींनी आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

शेवंताबाईंनी डाव सोडून दिला. सरळ पातेल्यात हात घातला. मूठ वर आली. हवेत थांबली. कपाळावर घाम साचला होता, ओठ एका बाजूला ओढला गेला होता. बोटांच्या फटींतून शितं गळत होती. गुरुजी बघत राहिले. या बाईने एकटीने शंभर माणसांची पंगत वाढलेली त्यांनी पाहिली होती. पण असं वाढताना कधीच पाहिलं नव्हतं.

हात तसूतसूने सरकत पात्रावर आला.

मूठ उघडली.

लिंबाएवढा भात पडला असेल... तेवढाच.

शेवंताबाईंनी वाकून पात्रात पाहिलं. मग त्यांच्या घशातून एक आवाज आला. त्यांचे सगळे आवाज गुरुजींना पाठ होते. तहानेचा, दुखण्याचा, अंथरूण ओलं झाल्याचा. हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. त्यांना कळायला क्षणभर लागला.

ती हसत होती.

आपण हात कधी जोडले हे गुरुजींना समजलं नाही. जोडले होते ते खाटेकडे तोंड करून. भंते बाजूलाच राहिले होते.

"साधू, साधू, साधू," म्हणत भंतेंनी दानाला अनुमोदन दिलं, आणि तेवढाच घास सावकाश चावून खाल्ला. भाजी, वरण, कशालाच हात लावला नाही. खाऊन झालं तेव्हा बारा वाजत आले होते.

ते उठले तसे गुरुजी पायरीपर्यंत मागोमाग गेले.

"भंते, उद्याही याल ना? ती वाट बघेल."

भंते खाली उतरले. वळले.

"उद्या माझ्या जागी तुम्ही बसा. पात्र तुम्ही धरा."