नारबानं गाडी हलकी केली

गाड्यांनाही तोंड होतं, त्या काळची गोष्ट. नारबाची जुनी छोटी गाडी पेट्रोल फार प्यायची. “कमी पी, नाहीतर भंगारात घालीन,” तो म्हणाला.

गाडी हलकी करायला त्यानं टपावरचं कॅरिअर काढलं, मागची सीट काढली, शेवटी बायकोची, हौसाबाईची सीटही उपटली. तरी गाडी घटाघटा पितच राहिली. भंगारवाला दारात आला, तेव्हा ब्रेक ओरडला, “अरे मेल्या, भेदरटासारखा सारखा माझ्यावर पाय ठेवून गाडी हाकतोस! तो पाय कोण काढणार, तुझा बाप?”

नारबाचं तोंड एवढंसं झालं. भंगारवाला रिकाम्या हातानं गेला.

हौसाबाईनं आत डोकावून विचारलं, “आणि मी आता बसू कुठं?”

“त्याच्या जागेवर बस, बाई,” गाडी म्हणाली. “तो येईल चालत. पाय फार शिवशिवतात त्याचे.”