राजाचा हरलेला डाव

एका राज्यात प्रतर्दन नावाचा राजा होता, आणि त्याच्या दरबारी बुद्धिबळाचा प्रत्येक डाव लक्षात ठेवणारी साळुंकी होती. राजा जिंकला की ती भर दरबारात डाव म्हणून दाखवी. हरला की तिच्या पिंजऱ्यावर शेला टाकीत. पडलो तरी नाक वर, दुसरे काय!

एकदा एक मांत्रिक आला. जिंकणारा मागेल ते द्यायचे, अशी पैज लागली. मांत्रिक जिंकला. त्याने शेजारी बसलेली राणी चारुमती मागितली आणि तिला पाषाण केले. पाळण्यात तान्ही मुलगी होती.

"डाव कुठे बिघडला ते ओळख, राणी उठेल," मांत्रिक म्हणाला. "तीनदा सांगता येईल. तिसऱ्यांदा चुकलास तर तिची माती होईल."

साळुंकीला विचारायचे, एवढेच काम. पण राजाने सात पर्वत पालथे घातले, समुद्राचे मोती उगाळून पाषाणाला लेप लावले, आणि हरलेला डाव काही ऐकला नाही. अशी सात वर्षे गेली.

एके सकाळी मुलीने विचारले, "आबासाहेब, ही मूर्ती कोणाची?"

राजाने पिंजरा आणवला.

साळुंकीने डावाचा शेवट म्हटला. "हत्ती गेला तिथे हरलो," राजा म्हणाला. पाषाणाला तडा गेला.

तिने मधला डाव म्हटला. "वजीर लोभाने पुढे नेला तिथे." दुसरा तडा गेला.

"आता पहिल्यापासून म्हण," राजा म्हणाला.

साळुंकी म्हणू लागली. "तिसरी खेळी. राणीसाहेब म्हणाल्या, राजाजवळचे प्यादे राहू द्या, आधी घोडा काढा. महाराज म्हणाले, आम्हांला शिकवू नका. महाराजांनी प्यादे सारले."

राजाने मान खाली घातली. "तिथेच. घोडा काढायचा, हे मलाही दिसत होते. राणीने सांगितले, म्हणून मी प्यादे सारले."

तडे मिटले. राणीने डोळे उघडले.

"मला सगळे ऐकू येत होते," ती म्हणाली. "साळुंकी आज बोलेल, उद्या बोलेल, म्हणून वाट पाहत होते."

तिने मुलीकडे हात पसरले. मुलगी बापाच्या मागे लपली. राजाला त्या क्षणी आपणच पाषाण व्हावे असे वाटले.

राणी रडली नाही. तिने पट मांडला. "आधी घोडा काढायचा," ती जणू स्वतःशीच म्हणाली. बऱ्याच वेळाने मुलगी येऊन समोर बसली.

तेव्हापासून त्या राज्यात हरलेला डाव आधी म्हणतात, जिंकलेला मागाहून. राणी परत आली, राज्य सुखी झाले. सात वर्षे तेवढी कोणाला परत आणता आली नाहीत.