पाषाणाची चीर

केवलनाथ महाराज एका जागी कधी टिकले नाहीत. पण ज्या उन्हाळ्यात ते देवसारीला आले, त्या उन्हाळ्यात त्यांचा जीव जसा थाऱ्यावर नव्हता, तसा पुढे कधी कुणी पाहिला नाही. आसन महादेवाच्या देवळात मांडले खरे, पण त्या आसनावर ते बसले असतील तर शपथ! पहाट झाली की निघत आणि या मळ्यातून त्या मळ्यात फिरत. मध्येच जमिनीला कान लावून पालथे पडत आणि दचकून उठत. भक्तांनी पुढे केलेले ताट तसेच राही. "दमली रे, दमली," एवढेच ते म्हणत. कोण दमली, ते कुणाला कळेना. आपल्या सगळ्यांचे असेच असते. संत काय म्हणतात ते अंगाशी आल्याशिवाय समजत नाही.

भुईला दमायला कारणही होते. गावचे पाटील हैबतराव यांनी नवा ऊस लावला होता आणि विहिरीवर तेलाचे इंजिन बसवले होते. त्याची धडधड दिवसभर गावाच्या कानात असे. बाकीच्यांनीही मग विहिरी खोल करायला घेतल्या. जो तो पाण्याच्या मागे खाली चालला होता आणि पाणी त्याच्याही पुढे पळत होते.

ठकूबाई मात्र महाराजांच्या शब्दाबाहेर नव्हती. खालच्या वस्तीला लागून तिचे वावर आणि त्यात जुनी पायऱ्यांची विहीर. सगळी वस्ती तिथलेच पाणी पिई. महाराजांनी तिला बजावले होते, "बाई, गुडघाभर पाणी विहिरीचं विहिरीला ठेव. काहीही होवो, तेवढ्याला हात लावू देऊ नकोस." तेव्हापासून पाणी गुडघ्यावर आले की ती घागरी थांबवी. स्वतःच्या वांग्यांचा वाफा तिने डोळ्यांदेखत वाळू दिला.

हैबतरावांना हे ऐकून हसू आवरेना. भर चावडीत ते म्हणाले, "ठकूबाय, इहिरीला पान्याचा निवद दाखवतीस म्हनं! मंग तिला पानसुपारी बी दे की!"

माणसे खो खो हसली. ठकूबाईने पदर सारखा केला आणि ती निघून गेली.

पुढे ऊस सुकू लागला तसे पाटलांनी विहिरीच्या तळाला सुरुंग लावायचे ठरवले. महाराज धावतच त्यांच्या मळ्यात गेले.

"हैबती, हा काळा पाषाण म्हणजे गावाच्या रांजणाचं बूड आहे. सगळ्या विहिरींचं पाणी यानेच धरून ठेवलंय. बूड फोडशील तर राहील काय?"

"महाराज, तुमी भजन करा," पाटील म्हणाले. "पान्याचं आमी बगतो."

सुरुंग उडाला. तळाला लांब चीर पडली आणि होते नव्हते ते पाणी गटागटा आवाज करीत तिच्यात उतरून गेले. इंजिन कोरडी हवा ओढत राहिले!

थोड्याच वेळात ठकूबाईच्या विहिरीचेही पाणी उतरू लागले. हाकाटी झाली. बाया, बापे, म्हातारी माणसे घागरी घेऊन पायऱ्यांवर लोटली. पाणी गुडघ्यावर आले आणि ठकूबाई सर्वांत खालच्या पायरीवर हात पसरून उभी राहिली.

"आता न्हाई. म्हाराजांचा सबूद हाय."

"अगं, जानारच हाय ते! भरून तरी घेऊ दे!"

"लेकरं तान्ही हायती, ठके! काय पाजायचं त्यास्नी?"

 ठकूबाईची स्वतःची नात वर रडत होती. आपले चुकले तर वस्तीच्या तोंडचा शेवटचा घोट आपल्यामुळे जाईल, हे तिला का कळत नव्हते? पाणी पोटरीवर आले. कुणीतरी तिला शिवी दिली. पाटीलही तिथे येऊन पोचले होते. स्वतःची चूक झाकायला ते ओरडले, "तुजे म्हाराज काय आता खडक शिवनार हायेत व्हय गं?"

पाणी घोट्यावर आले. ठकूबाईने डोळे मिटले आणि नाव घेतले, "केवलनाथा!" हात मात्र खाली केले नाहीत.

त्याच घटकेला महाराज पाटलांच्या विहिरीत दोराला धरून उतरले. इंजिनवाल्या गड्याने हे डोळ्यांनी पाहिले. ज्यांना एका जागी बसवत नव्हते, ते महाराज त्या चिरेवर पाठ टेकून आडवे झाले आणि हलले म्हणून नाहीत. गटगट थांबली. दगडातून पाझर सुटला आणि त्यांच्या कानाशी पाणी जमू लागले.

इकडे ठकूबाईच्या घोट्यावरचे पाणी थांबले. मग पोटरीवर चढले, मग गुडघ्यावर. "आलं, आलं!" करून माणसे रडू लागली. पाणी मांडीला लागले तेव्हा तिने हात खाली घेतले आणि ती म्हणाली, "भरा आता."

गडी धावत पाटलांना बोलवायला आला. सगळ्यांनी महाराजांना वर घेतले, तेव्हा त्यांच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत काळानिळा वळ उठला होता. खाली पाषाण सांधला होता.

 तो वळ पाहून हैबतराव त्यांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"बूड मी सांधलं. उद्या पुन्हा इंजिन धडधडलं, तर मी किती ठिकाणी निजू?"

"न्हाई, म्हाराज! ऊस गुरांना घालतो. जवारी पेरतो. मला पदरात घ्या!"

"मी कोण घेणारा? मी येईपर्यंत पाणी राखलं कुणी?"

हैबतराव उठले. सगळ्या गावादेखत वस्तीपर्यंत अनवाणी चालत गेले आणि पायऱ्या उतरून, भिजल्या लुगड्यानिशी बसलेल्या ठकूबाईच्या पायांवर त्यांनी पागोटे ठेवले.

ती घाबरून मागे सरली. "पाटील, ह्ये काय करताव? उठा! घोटभर पानी प्या आदी."

पण पाटलांनी मान वर केली नाही. "आदी वस्तीला भरू दे, आक्का," ते म्हणाले. "माजी घागर शेवटची."